चार नंबर

सकाळपासून हॉस्पिटलच्या रिसेप्शनवरून सतरा फोन आले होते आणि सतराही वेळा प्रोग्रामरबाईंनी "बघतेय, बघतेय" एवढंच म्हटलं होतं. अठराव्या वेळी फोन आला नाही, माणूसच आला.

म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी मोबाइल टेबलावर ठेवला. 'आपल्या रुग्णास घरी सोडण्यात आले आहे. काळजी घ्या.' खाली त्यांच्या बायकोचं नाव. ती जाऊन अकरा दिवस झाले होते.

"चूक माझीच आहे, काका," बाई म्हणाल्या. दुसऱ्या कुणावर ढकलण्याइतकंही त्राण उरलं नव्हतं. "पेशंटची अवस्था आम्ही नंबरात ठेवतो. एक म्हणजे दाखल, दोन उपचार चालू, तीन घरी सोडलं, चार..."

"चार म्हणजे वारली. पुढे?"

"काल 'दुसरीकडे हलवलं' हे नवीन घालायचं होतं. शेवटी पाच नंबर दिला असता, की झालं असतं. पण मला नको तिथे शहाणपण सुचलं. यादी नीट दिसावी म्हणून मधेच तिसरं घातलं. खालचे सगळे एकेक घर सरकले. 'घरी सोडलं' चारवर आलं. जुन्या नोंदीतले आकडे मात्र तसेच, चारचा चारच. आणि अवस्था बदलली असं समजून मशीननं आपोआप मेसेज पाठवले."

गृहस्थांनी उभी हयात टपाल खात्यात पत्रं लावण्यात घालवली होती. "म्हणजे खणांवरच्या पाट्या बदलल्यात, पत्रं जुन्याच खणात. नवखा माणूस करतो असं."

"मी बावीस वर्षं हेच काम करतेय, काका."

ते मोबाइलकडे बघत म्हणाले, "मला ठाऊक होतं हो. मीच पोचवून आलोय तिला. तरी मेसेज वाचला आणि दार सताड उघडं टाकून बसलो. दोन तास. शेजारीण विचारायला लागली, तेव्हा म्हटलं, उकडतंय."

बाईंनी कीबोर्ड जवळ ओढला.

"दुरुस्त करा. माझ्यासमोर."

यादी मागे फिरवली तर कालच्या नव्या नोंदी बिघडल्या असत्या. जुन्याच एकेक करून सुधारायच्या होत्या, एकूण एक्केचाळीस. बाईंनी पहिली त्यांच्या बायकोची काढली, चारचा पाच केला आणि बटण दाबलं.

टेबलावरचा मोबाइल वाजला.

"अगं बाई!" बाईंनी कपाळावर हात मारला. नोंद बदलली की मेसेज आपोआप जायचा. ती सोय त्यांनीच करून ठेवली होती, आणि आज डोकं इतकं शिणलेलं, की बंद करायचं सुचलंच नाही.

गृहस्थांनी चष्मा लावला. 'कळविण्यास अत्यंत दुःख होते' पासून शेवटपर्यंत सगळं सावकाश वाचलं. मग मोबाइल खिशात टाकला.

"बाकीचे चाळीस अजून केले नाहीत ना?"

"नाही."

"मग आधी हे मेसेज बंद करा," ते म्हणाले आणि खुर्ची ओढून शेजारी बसले. "घाई करू नका. मी नावं वाचून दाखवतो."