कोणतं मशीन

कुंदाताई माहेराहून परतल्या, तर त्यांच्या चार शिलाई मशीनांपैकी एक जागेवर नव्हतं.

"खालच्या वैजयंताला दिलं," त्यांचे यजमान प्रभाकरराव म्हणाले. "नवरा गेल्यावर ब्लाउज शिवायला लागलीय ती. तुझ्या हौसेला तीन पुरेत की."

कोणतं दिलं, हे मात्र त्यांना सांगता येईना. कुंदाताई मशीन परत आणायला खाली गेल्या.

वैजयंताच्या हातात गिऱ्हाइकाचा रेशमी ब्लाउज होता. शिवणीला चुण्या पडून सगळं कापड गोळा झालं होतं. "मला जमणारच नाही, काकू," ती म्हणाली.

"तुझं काही चुकलं नाही. हे गोधडीचं मशीन आहे, रेशीम खेचतं."

वर येऊन कुंदाताईंनी पातळ कापडाचं, आपलं सगळ्यात लाडकं मशीन पुसलं आणि नवऱ्यापुढे ठेवलं. "हे तिला द्या. येताना ते आणा."

जिना चढताना गोधडीचं मशीन भलतंच जड निघालं. प्रभाकरराव धापा टाकत वर पोचले आणि खुर्चीत बसले. "उरलेली दोन कशाकशाची?" त्यांनी विचारलं.

इतक्या वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदाच विचारलं होतं. कुंदाताई चहा टाकायचा सोडून सांगायला बसल्या.