निवडलेल्या कोंबड्या
कोंबड्यांचा नवा विषाणू माणसांतही शिरू लागला होता, म्हणून नमुने घेण्यासाठी सरकारी पशुवैद्य आमच्या पोल्ट्रीवर आली. ती माझीच थोरली लेक. मी तिच्यापुढे दहा तुकतुकीत कोंबड्या मांडल्या. “आई, या काय लग्नाला निघाल्यात? मरगळलेल्या दाखव.” “पाहुण्यांपुढे आजारी लेकरं कुणी मांडतं का?” “मी पाहुणी नाही.” तेवढ्यात माझ्या खोलीतून घरघर ऐकू आली. तिने दार ढकलले. पलंगाखाली, जुन्या शालीवर, निळसर तुऱ्यांच्या चार कोंबड्या माना टाकून पडल्या होत्या. “यांना पाणी कोण पाजतं?” “मीच. मांडीवर घेऊन, चमच्याने.” तिने मास्क घट्ट केला. “तुला ताप आहे?” “या वयात अंग कणकणतंच.” कोंबड्यांसाठी काढलेली कापसाची काडी तिने बाजूला ठेवली आणि दुसरी उघडली. “आई, तोंड उघड.” आयुष्यात प्रथमच मी हुकूम पाळला.