ग्लेनिसची प्रदक्षिणा

व्हिटबीच्या धक्क्यावर ग्लेनिसनं पर्समधून फोटो काढला आणि चिप्सच्या दुकानातल्या बाईसमोर धरला.

"हा माझा मुलगा, कॅलम. आता दाढी ठेवली असेल कदाचित. कुठं दिसला का?"

बाईनं हात पुसून फोटो घेतला, बराच वेळ पाहिला आणि परत दिला. "नाही हो. गेल्या वर्षीही विचारलं होतंत ना?"

"त्याच्या आदल्या वर्षीही," ग्लेनिसचा नवरा क्लाइव्ह म्हणाला आणि चिप्सवर व्हिनेगर शिंपडत राहिला.

क्लाइव्हनं कीथली गावात उभा जन्म सहलीच्या बस चालवल्या होत्या. निवृत्त झाल्यावर त्यानं एक जुनी व्हॅन घेतली, आत पलंग आणि शेगडी बसवली. दर उन्हाळ्यात दोघं ब्रिटनभर फिरून येत. पूर्वेच्या किनाऱ्यानं वर स्कॉटलंड, पश्चिमेनं खाली वेल्स, मग कॉर्नवॉल आणि घर.

"मजा आहे बुवा तुमची," शेजारचा ट्रेव्हर कुंपणापलीकडून म्हणे. "यंदा सगळ्यात भारी काय पाहिलंत?"

क्लाइव्ह एखादा किल्ला सांगे, एखादा कडा सांगे. ग्लेनिसनं यातलं काही पाहिलेलं नसे. किल्ल्यासमोर उभी राहून ती किल्ल्याला पाठ करी आणि येणाऱ्याजाणाऱ्या पुरुषांची चाल बघत राही.

कॅलम घर सोडून गेला तो बहिणीच्या, बेथनच्या, अंत्यविधीनंतर. अपघात झाला तेव्हा गाडी तोच चालवत होता. रस्त्यावर बर्फ होतं, त्याची चूक नव्हती, पोलिसांनीही तसंच सांगितलं. तरी त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात, माणसं सँडविच खात उभी असताना, ग्लेनिस त्याच्याकडे बघून म्हणाली, "तिच्याऐवजी तू जायला हवा होतास." कॅलमनं हातातली बशी हळूच ओट्यावर ठेवली. सकाळी त्याची खोली रिकामी होती.

"मला त्याला फक्त एक सांगायचंय," ती हल्ली म्हणे. काय ते क्लाइव्ह कधी विचारत नसे.

कुठं शोधायचं ते क्लाइव्ह ठरवी. इथं कुणी पाहिलंय म्हणे, तिथं एक तसाच मुलगा आहे म्हणे, असं सांगून तो गाडी वळवी. यंदा सीहाउसेस गाव झालं, इन्व्हरनेस झालं. इन्व्हरनेसवरून वायव्येकडे उलापूलला जाऊ या, असं ती म्हणाली, तर तो म्हणाला, "नको गं. तिकडचा रस्ता फार वाईट आहे." तिनं नकाशा मिटला आणि ते ओबनला उतरले.

ओबनला पाऊस होता. बोटीची वाट बघत एक म्हातारा कोळी बाकावर बसला होता. त्यानं फोटो डोळ्यांजवळ नेला.

"हा उलापूलचा ना? बोटी दुरुस्त करतात तिथं. मला इंजिन करून दिलं यानं. फार बोलत नाही, पण हात चांगला आहे."

ग्लेनिस बाकावर बसली. तिनं फोटो मांडीवर पालथा ठेवला.

"दिसण्यात साम्य असतं," क्लाइव्ह घाईनं म्हणाला. "किती जणांनी असं सांगितलंय आपल्याला. तू गाडीत बस, भिजशील. मी चहा आणतो."

चहाचं दुकान धक्क्याच्या टोकाला होतं. क्लाइव्ह दुकानाच्या मागे गेला, भिंतीच्या आडोशाला उभा राहिला आणि फोन लावला.

"कॅलम, मी बोलतोय. तिला कळलंय. एका म्हाताऱ्यानं सांगितलं."

पलीकडे हातोडीचे ठोके थांबले. "डॅड, तुम्ही शब्द दिला होता."

"मी नाही सांगितलं, बाळा."

"टेनबी सोडलं. सीहाउसेस सोडलं. दर वेळी कुणीतरी तिला माझा पत्ता सांगायचा, तुमचा फोन आला की सामान बांधायचं. इथं फिओना आहे माझ्याबरोबर. तिला दिवस गेलेत. आता तिला काय सांगू मी?"

आपण आजोबा होणार हे क्लाइव्हला असं कळलं.

"एकदा भेट ना तिला," तो म्हणाला. "ती आता तशी राहिली नाही रे. वाळून काडी झालीय."

"ती काय बोलली ते तुम्ही ऐकलंत ना? मग? मी तिच्यासमोर उभा राहिलो, की मला पुन्हा तेच ऐकू येणार. नाही जमणार मला. ती इथं आली तर मी जाईन, आणि या वेळी तुम्हालाही कळवणार नाही."

फोन बंद झाला. क्लाइव्हनं तो खिशात टाकला. मुलाचा आवाज ऐकायचा तर बायकोला फिरवत ठेवायचं, तो आहे तिथून लांब. हा सौदा त्यानं स्वतःच कबूल केला होता. गाडी चालवताना शेजारी फोटो घेऊन बसलेल्या बाईकडे त्याला बघवत नसे. आता तिला उलापूलपासून कसं वळवायचं ते त्याला सुचत नव्हतं. पूल वाहून गेला सांगावं? की आपल्या छातीत दुखतंय म्हणावं? ते तर खरंच दुखत होतं.

दोन कप चहा घेऊन तो व्हॅनपाशी आला. ग्लेनिस पुढच्या सीटवर पट्टा लावून बसली होती. काचेवर पावसाचे ओघळ होते.

"हे बघ, उलापूलचं म्हणशील तर," त्यानं सुरुवात केली.

"उलापूलला नको," ती म्हणाली. तिनं चहा घेतला, दोन्ही हातांत धरला. "घरी चल. आणि पुढच्या वर्षापासून असं कर, क्लाइव्ह. कुठं जायचं नाही तेवढं मला आधीच सांगत जा, म्हणजे त्याला सारखं बिऱ्हाड हलवावं लागणार नाही."