रिकामा मिक्सर

चांगले कप पाहुण्यांसाठी, हेमांगीच्या हातात कान तुटलेला. मंगळवार असूनही बाबा घरी, अंगात इस्त्रीचा शर्ट. दिवाणावर नवी चादर. दारात डॉक्टरबाईंच्या चपला.

कुणी नसताना हेमांगीला आवाज ऐकू येतात म्हणून तिला दवाखान्यात ठेवायचं आज ठरणार, असं तिने ताडलं होतं.

“डॉक्टर, जरा आत येता?” आईने स्वयंपाकघराकडे मान वळवली.

“जे असेल ते हेमांगीसमोरच बोलू या.” डॉक्टरबाई जागच्या हलल्या नाहीत.

“तिला वाईट वाटेल हो.”

हेमांगी म्हणाली, “आई, तुझी नि बाबांची कुजबुज मला ऐकू येऊ नये म्हणून तू मिक्सर लावतेस. दिवाळीपासून रिकामाच फिरतोय. चटणी कुठाय?”

बाबांना चहाचा ठसका लागला. आई ओशाळली, मग हसली, मग लेकीला खेटून बसली. “काय म्हणतात गं ते आवाज तुला?”

हेमांगी सांगू लागली.

चार महिन्यांत हे तिला घरात कुणीच विचारलं नव्हतं.