परराज्याची खिडकी

शिक्षणाला सीमा नसते. विद्यापीठाच्या नोंदणी कार्यालयात हे वाक्य भिंतीवर फूटभर उंचीच्या पितळी अक्षरांत ठोकलेलं होतं, आणि बरोबर त्याच्याखाली, ज्या खिडकीपुढे लोरेटा स्कॅग्ज उभी होती, त्या खिडकीवर पाटी होती : परराज्यातील विद्यार्थी.

परराज्य म्हणजे ओहायो नदीचा पलीकडचा काठ. लोरेटा पूल ओलांडून आली होती. सहा मिनिटं लागली. एरवी चार लागतात, पण पुढे कोळशाचा ट्रक होता. तिच्या स्वतःच्या राज्यातलं नर्सिंगचं विद्यापीठ साडेतीन तासांवर होतं, आणि वृद्धाश्रमात मदतनिसाचं काम सकाळी सहाला सुरू व्हायचं. म्हणून हे परराज्य.

वय त्रेचाळीस. संध्याकाळचे वर्ग करत, चार वर्षं घासून तिने गावच्या कम्युनिटी कॉलेजचा दोन वर्षांचा अभ्यास पुरा केला होता. आता इथे नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला बसायचं होतं. प्रवेश वर्षातून एकदाच, आणि यादी आज पाचला बंद होणार होती. घड्याळात सव्वाचार झाले होते.

खिडकीमागचा ब्रेंट तिचे कागद चाळून हसला. चांगली बातमी द्यायची वेळ त्याच्यावर फारशी येत नसावी.

"सगळी धरली, मॅडम. बासष्टच्या बासष्ट क्रेडिट. असं फार थोड्यांचं होतं."

"शरीररचना?"

"तीही धरली. ऐच्छिक म्हणून."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही ती शिकलात हे विद्यापीठाला मान्य आहे. फक्त नर्सिंगला जी लागते, त्यात ती चालणार नाही. कुंभारकाम वगैरे असतं ना, त्या रकान्यात गेली."

"माझं वेल्डिंग संगीतात घातलंय, ताई," रांगेत मागे उभा असलेला टोपीवाला म्हणाला. "नशीब समजा."

लोरेटाने वळून पाहिलं नाही. "का चालणार नाही?"

"प्रयोगशाळा. लेखी भाग आमच्या तोडीचा आहे, असा शेरा आहे. पण पुलापलीकडच्या प्रयोगशाळेचा दर्जा विभागाला मान्य नाही. टेबलं, सांगाडे, एकूणच."

"कुणी येऊन बघितलंय?"

"परराज्यात तपासणीला जायला परवानगी लागते, मॅडम."

संताप आला की लोरेटा आवाज चढवत नसे. एकवीस वर्षं बहिऱ्या म्हाताऱ्यांशी बोलून आवाज चढवणं हे तिच्या लेखी मायेचं लक्षण झालं होतं. रागात ती हळू बोलायची.

"राजा, हात दे."

"काय?"

"उजवा. खिडकीतून इकडे."

ब्रेंटने दिला. ती ज्या सुरात मागायची, त्या सुरात नव्वदीतली हट्टी माणसंही हात देत. तिने त्याचं मनगट पालथं धरलं आणि अंगठ्याने एकेक हाड दाबत नावं घ्यायला सुरुवात केली. स्कॅफॉइड. लुनेट. ट्रायक्वेट्रम. पिसिफॉर्म. पाचव्याला ब्रेंट कळवळला.

"ट्रॅपिझियम," लोरेटा म्हणाली. "अंगठ्याच्या मुळाशी. बरणीचं झाकण उघडत नाही तुझ्याने."

"बायको उघडते."

"दिवसभर शिक्के मारतोस म्हणून. झोपताना पट्टी बांध, आणि महिनाभर डाव्या हाताने मार." तिने उरलेली तीन हाडं सावकाश पुरी केली आणि हात परत दिला. "हे त्या दर्जा नसलेल्या टेबलावर शिकले. आई शेवटच्या दुखण्यात होती, तरी मंगळवारचा एकही वर्ग चुकवला नाही. त्याला तू कुंभारकाम म्हणतोस."

"उदाहरण म्हणून म्हटलं, मॅडम."

"धर की रे आता," टोपीवाला म्हणाला. रांगेतून आणखी दोघांनी री ओढली.

ब्रेंटने मनगट चोळलं. त्याला वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. वाईट वाटण्यासाठीही फॉर्मात जागा आहे का, हे त्याने बहुधा पाहिलं असावं.

"हे तोंडी झालं," तो म्हणाला. "तोंडीला रकाना नाही."

"अपील?"

"करा की. सहा आठवडे लागतात."

"आणि यादी पाचला बंद."

"पाचला." त्याने मान खाली घालून पडद्यावर काहीतरी शोधलं. "एक करता येईल. शरीररचना पुन्हा घ्या, याच सत्रात, विद्यापीठाकडून. नोंदणी झाली की यादीत नाव जातं. मग प्रयोगशाळेचा प्रश्नच येत नाही."

लोरेटाने खिडकीवर पसरलेले आपले कागद गोळा करून काठाला काठ जुळवला.

"जे मला येतं," ती म्हणाली, इतकं हळू की ब्रेंटला काचेच्या भोकाशी कान न्यावा लागला, "ते मला येत नाही असं लिहून द्यायचं."

"तसं लिहायचं नसतं. फक्त सही."

तिने सही केली. पेन असं दाबलं की खालच्या तिन्ही प्रतींवर नाव कोरलं गेलं. ब्रेंटने डाव्या हाताने शिक्का मारला. तो वाकडा उमटला, पण चालला. चार वाजून अडतीस मिनिटांनी लोरेटा स्कॅग्जचं नाव नर्सिंगच्या यादीत गेलं, आणि वेळापत्रकाचा कागद यंत्रातून बाहेर आला.

तो तिने तिथेच उभं राहून वाचला. शरीररचना, मंगळवार, संध्याकाळी साडेसहा. खाली बारीक अक्षरांत सूचना होती. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेचं छत दुरुस्तीला काढल्यामुळे या सत्राची प्रात्यक्षिकं पुलापलीकडच्या कम्युनिटी कॉलेजात होतील. विद्यार्थ्यांनी आपापल्या वाहनाने जावं.