शेवटच्या रांगेतला लव्हाळा

"त्रिशले, बघ की! लव्हाळा पांढरा व्हायलाय!" गुडघाभर चिखलात उभा राहून बाळगोंडा व्हिडिओ कॉलवर गरोदर लेकीला ओरडून सांगत होता.

उसाचा युरिया झिरपून गावाच्या विहिरी नासल्या. त्या पाण्यात कालवलेलं पावडरीचं दूध पिऊन बाळं निळी पडाय लागली, तवापासनं एकबी लेक बाळंतपणाला माहेरी आली नव्हती. शेवटी गावानं विहिरींच्या वरच्या अंगाला हे दलदलीचं तळं खणलं. चिखलातले जंतू युरिया खाऊन त्याची हवा करून सोडायचे, आन् पाण्यात युरिया असंस्तोवर तळ्यात लावलेला हा नव्या जातीचा लव्हाळा लालभडक ऱ्हायचा, पाणी शुद्ध झालं की पांढरा.

"आप्पा, आज निघाले तरच. उद्यापासनं डॉक्टर प्रवास करू देणार नाहीत."

तेवढ्यात तिच्या सासूनं फोन घेतला. "पावणं, नातवंड माझंबी हाय. विहिरीकडं पाणी सुटतं ती शेवटची रांग दाखवा."

तिथं एक शेंडा अजून लाल होता. बाळगोंडानं फोन त्याच्यावरच धरला. पायाशी बुडबुडे फुटत होते. बघता बघता लाली उतरली आन् शेंडा कापसागत पांढरा झाला.

"चुलीवर पाणी ठेवा," विहीणबाई म्हणाल्या, "आम्ही दोघी निघालो!"

बाळगोंडानं आनंदानं वळून बघितलं. तळ्याच्या बांधावर जमलेली एकूण एक बाई कानाला फोन लावून आपापल्या लेकीला हाक मारत होती.