कपाळपट्टी

पट्टी बांधली की सासूबाईंना शांत झोप आणि आपल्याला चांगली सून म्हणून नाव, असा कुंदाचा दुहेरी फायद्याचा हिशेब होता. नवरा, हेरंब, नदीत बुडून गेल्यापासून तो दोघींच्याही स्वप्नात रोज बुडायचा. स्वप्नं बंद करणारी पट्टी घरात एकच आली. कुंदाने ती वर्षभर रोज रात्री माईंना बांधली आणि स्वतः दचकून उठत राहिली.

आज वर्षश्राद्ध. आजोबांच्या श्राद्धाला कावळ्याच्या पानातला वडा हेरंबनेच पळवला होता, ही आठवण नणंदेने काढली आणि वडे तळता तळता कुंदा चक्क हसली.

माई दारात उभ्या होत्या. मुलगा गेल्याची बातमी आत्ताच कानावर पडावी, तसा चेहरा.

"हसतेस काय गं? दगड आहेस का?"

"तसं नाही हो माई. पण हल्ली ते स्वप्नात बुडत नाहीत. नुसता चहा मागतात."

"मग माझ्याकडे का गं नाही मागत?"

कुंदाने कढईतला वडा उलटला. दुःखाची धार स्वप्नातच बोथट होते आणि वर्षभर पट्टी बांधलेल्यांना स्वप्नं परत पडत नाहीत, हे डॉक्टरांनी तिला परवाच सांगितलं होतं.

चांगुलपणा कुंदाने केला होता. त्याची किंमत मोजत होत्या माई, रोज सकाळी, पुन्हा पहिल्या दिवसापासून.